आधी हिरडी, मग दात

इम्प्लांट बसवायचं ठरलं की माणसं तीन गोष्टींची चौकशी करतात: खर्च किती, कंपनी कुठली आणि दुखेल का. कोरियाचा घ्यावा की स्वित्झर्लंडचा, यावर घरात बैठका झडतात, पुण्यातल्या मेव्हण्याला फोन जातो. पण हाडातला स्क्रू आणि वरची कॅप यांच्या मधल्या काळात काही आठवडे तोंडात राहणाऱ्या एका चकचकीत तुकड्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. रुग्ण त्याला ‘बटण’ म्हणतात, कुणी ‘टोपण’ म्हणतं. दवाखान्यात त्याला हीलिंग अबटमेंट, हीलिंग कॅप किंवा गम फॉर्मर म्हणतात. तो तात्पुरता असतो, शेवटी काढूनच टाकायचा असतो, त्यामुळे बिलात त्याची वेगळी ओळ बहुतेक नसतेच. तरीही नवा दात हिरडीतून उगवल्यासारखा दिसणार की वरून ठेवल्यासारखा, त्याच्या बुडाशी भाजीचे दोरे अडकणार की नाही, ही बरीचशी बाब या तुकड्याच्या दोन मापांवर ठरते. एक उंची, दुसरी रुंदी.

हे सगळं मी ज्यांना समजावतो, त्यांच्यातले बरेच जण सिलतऱ्याचे. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर सिलतरा लागतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने. नागपूरच्या जयस्वाल निको समूहाचा पोलाद कारखानाही इथलाच. रायपूर-नागपूर नातं तसं जुनं आहे; १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली जुनी मराठी घरं त्या काळाची, तर सिलतऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला आलेली विदर्भातली मंडळी अलीकडची. अशा लोकांना इम्प्लांट समजावून सांगणं एका अर्थी सोपं जातं. थ्रेड, टॉर्क, मायक्रॉन हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. अडचण येते ती पुढे, कारण या कामातला अर्धा भाग लोखंडासारखा वागत नाही. हिरडी सुजते, आकसते, चढते, पांढरी पडते.

थोडं मागे जाऊ. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची एक कुपी बसवली होती. प्रयोग संपला आणि कुपी निघेना. हाड धातूला थेट चिकटलं होतं. १९६५ मध्ये गोटेबर्गला गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिले टायटॅनियम इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते इम्प्लांट वापरात होते. उरलेल्या जगाने या पद्धतीकडे गंभीरपणे पाहिलं ते १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

ब्रोनेमार्कांची शिस्त कडक होती. इम्प्लांट हाडात बसवायचा, वर हिरडी शिवून तो पुरता झाकायचा आणि खालच्या जबड्यात तीन, वरच्यात सहा महिने त्याला हात लावायचा नाही. मग दुसरी छोटी शस्त्रक्रिया करून हिरडी उघडायची आणि इम्प्लांटवर हीलिंग अबटमेंट लावायचा. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोएडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली: पहिल्याच दिवशी धातू हिरडीतून वर येऊ द्यायचा, दुसरी शस्त्रक्रिया नाहीच. आज दोन्ही चालतात. इम्प्लांट हाडात घट्ट बसला असेल, हाड भरावं लागलं नसेल, तर हीलिंग अबटमेंट त्याच दिवशी लावतात. हाडाची भर घातली असेल किंवा पकड कमी मिळाली असेल, तर झाकून ठेवतात. वाट कुठलीही धरली तरी एक दिवस ट्रे समोर येतो आणि त्यातला नेमका कोणता तुकडा उचलायचा हा प्रश्न पडतोच.

त्याचं उत्तर हिरडीत आहे. खऱ्या दाताभोवतीची आणि इम्प्लांटभोवतीची हिरडी आरशात सारखीच दिसते, आतली रचना मात्र निराळी. खऱ्या मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि हिरडीतले तंतू त्यात आडवे रुतलेले असतात. टायटॅनियमला सिमेंटम नाही. तिथे तंतू धातूला समांतर किंवा त्याभोवती गोल फिरून राहतात. ते रुतत नाहीत, नुसते वेढून बसतात. दात आणि हाड यांच्यामधल्या पातळ पडद्यातून हिरडीला जे रक्त मिळतं, तेही इथे नाही, कारण तो पडदाच नाही. म्हणजे जंतूंना हाडापर्यंत जाऊ न देण्याचं काम एका नाजूक बंधावर येऊन पडतं, आणि या बंधाला ठरावीक जाडी लागते.

ती किती, हे खऱ्या दातांसाठी गार्जिउलो, वेन्ट्झ आणि ओर्बान यांनी १९६१ मध्ये मृतांच्या जबड्यांवर मोजलं. हाडाच्या वर सरासरी १.०७ मिलिमीटर संयोजी ऊतक, त्यावर ०.९७ मिलिमीटर चिकटलेली त्वचा, असे मिळून २.०४. इम्प्लांटभोवती ही गरज आणखी जास्त, तीन मिलिमीटरच्या आसपास. ही जाडी शरीर मिळवतंच. हिरडीतून मिळाली नाही तर हाड खाली सरकवून मिळवतं. बर्गलुंड आणि लिंडे यांनी १९९६ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यात एका बाजूची हिरडी मुद्दाम पातळ करून पाहिली, तर त्या बाजूचं हाड झिजलं. लिथुआनियाच्या लिंकेव्हिचियस यांनी २००९ मध्ये माणसांत तेच दाखवलं: हिरडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर पहिल्याच वर्षात १.४५ मिलिमीटरपर्यंत हाड जाऊ शकतं. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दहा मिलिमीटरच्या इम्प्लांटचा तो सातवा हिस्सा झाला.

आता प्रत्यक्ष खुर्चीत बसू. समजा, रोलिंग मिलमधला पन्नाशीचा फोरमन आहे. खालची डावी पहिली दाढ, आमच्या हिशेबात ३६ नंबर, काही वर्षांपूर्वी काढलेली. तीन महिन्यांपूर्वी इम्प्लांट बसवून झाकून ठेवलाय. आज उघडायचा. भूल दिली. छेद घ्यायचा तो घट्ट, फिक्या गुलाबी हिरडीच्या मधोमध, म्हणजे गालाकडे आणि जिभेकडे दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन मिलिमीटर घट्ट हिरडी उरेल. ही हिरडी उरली नाही तर पुढे ब्रश लागला की दुखतं, दुखतं म्हणून माणूस तिथे ब्रश लावत नाही, आणि मग जे व्हायचं ते होतं. वरचा झाकणस्क्रू काढला, आतली जागा सलाइनने धुतली. आता हातात प्रोब. ही बोथट टोकाची बारीक सळई, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. तिचं टोक इम्प्लांटच्या काठावर टेकवायचं आणि हिरडीची कड कुठल्या खुणेशी येते ते पाहायचं. चारही बाजूंनी. गालाकडे ३, जिभेकडे ३, पुढच्या उपदाढेकडे ४, मागे ४.

यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा आणि त्यात साधारण एक मिलिमीटर मिळवायचा. चार अधिक एक, पाच. म्हणजे हिरडीतून जाणाऱ्या भागाची उंची पाच मिलिमीटर असलेला अबटमेंट.

तीनचा का नाही? कारण बाहेरून तो दोन बाजूंनी बरोबर दिसेल, पण पुढे-मागे हिरडी त्याच्या डोक्यावर चढेल. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस हिरडी सुजलेली असते. आज काठोकाठ असलेला तुकडा परवा अर्धा बुडतो. आठवड्याने रुग्ण येतो तो ‘डॉक्टर, बटण गायब झालं’ म्हणत. गायब कुठलं, खालीच असतं. पुन्हा भूल, पुन्हा छेद.

मग सरळ सातचा लावून मोकळं का होऊ नये? इथे वरची दाढ आडवी येते. खालची दाढ बरीच वर्षं नसली की समोरची वरची दाढ आधार नसल्याने हळूहळू खाली उतरते, आणि या फोरमनसारख्या ‘एक दाढ गेली तर काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांची हटकून उतरलेली असते. उंच तुकडा थेट तिच्यावर आपटतो. म्हणून लावल्यावर निळा कागद दातांत धरून चावायला सांगायचं. तुकड्यावर निळा डाग उमटला तर तो उंच आहे, बदलायचा. जीभही उंच तुकड्याला सोडत नाही, दिवसभर चाळा चालू राहतो. जुन्या, हाडात जमलेल्या इम्प्लांटला एवढ्याने फारसं होत नाही. पण इम्प्लांट त्याच दिवशी बसवला असेल तर गोष्ट गंभीर आहे. नव्या इम्प्लांटची हाडातली हालचाल साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरतं आणि इम्प्लांट सुटतो. मायक्रॉनमध्ये सांगितलं की सिलतऱ्याचा माणूस पुढे प्रश्न विचारत नाही, आठ दिवस दुसऱ्या बाजूने जेवतो. वर काढघाल करायची कवळी असेल, तर ती तुकड्याच्या जागी आतून कोरून मोकळी करावी लागते. हे विसरलं की कवळीच दिवसभर इम्प्लांटला धक्के देत राहते.

उंची चुकली तर लगेच कळतं. रुंदीचं तसं नाही, ती चुकल्याचं कॅप बसवताना किंवा त्याहून पुढे वर्षभराने कळतं.

बहुतेक इम्प्लांटचा व्यास साडेतीन ते पाच मिलिमीटर असतो आणि तो गोल असतो. दात तसे नसतात. खालची पहिली दाढ चावायच्या बाजूला पुढून मागे ११ मिलिमीटर रुंद आणि मानेशी, म्हणजे हिरडीतून बाहेर येते तिथे, ९ मिलिमीटर. वरची पहिली दाढ मानेशी ८. वरचा पटाशीचा मधला दात ७, त्याच्या शेजारचा ५. सुळा साडेपाच, उपदाढा ५. खालचा मधला दात तर जेमतेम साडेतीन. ही पाठ्यपुस्तकातली सरासरी मापं आहेत. माणसागणिक थोडी बदलतात, आणि त्याच तोंडात दुसऱ्या बाजूचा तोच दात शिल्लक असेल तर तो मोजणं सगळ्यात चांगलं. मुद्दा असा की चार-साडेचार मिलिमीटरच्या गोल इम्प्लांटपासून नऊ मिलिमीटरच्या दाढेपर्यंतचा फुगवटा हिरडीच्या आतच घडवायचा असतो. हे काम हीलिंग अबटमेंटचं.

कास्टिंगच्या कामातल्या माणसाला मी एवढंच सांगतो: हा कोअर आहे. पोकळी हवी तिथे साच्यात कोअर बसवतात, धातू त्याच्याभोवती गोठतो, मग कोअर काढून टाकतात आणि पोकळी कोअरच्या आकाराचीच राहते. हिरडीही याच्याभोवती भरून येते. कोअर चुकला तर ओतकाम कितीही सुरेख असलं तरी जॉब फुकट.

अरुंद तुकडा लावला, दाढेला चारचा, तर हिरडीत बारीक भोक तयार होतं. त्यातून नऊ मिलिमीटरची कॅप काढायची तर ती हिरडीच्या कडेवर एकदम बाहेर फुगते. त्या फुगवट्याखाली दोन्ही बाजूंना खाचा राहतात. पोह्यातली मोहरी, मेथीची पानं, मटणाचे धागे, सगळं तिथे जमतं. रुग्ण काडीने कोरत बसतो आणि म्हणतो, ‘दात चांगला आहे हो, पण त्याच्या बाजूला अडकतं.’ बऱ्याचदा हे अडकणं कॅप करणाऱ्या लॅबच्या माथी मारलं जातं. लॅबने काय करावं? तिला मापच तसं गेलेलं असतं.

फार रुंद तुकडा लावला तर हिरडी ताणली जाते, पांढरी पडते. थोडी पांढरी पडून दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा गुलाबी झाली तर हरकत नाही. तशीच राहिली तर तिथलं रक्त तुटलंय. पुढे ती कड आकसते, मागे हटते, आणि समोरच्या दातांत असं झालं तर हसताना धातूची राखाडी छटा दिसते. दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. इम्प्लांट हाडाच्या काठाखाली थोडा रुतवून बसवलेला असेल, तर रुंद अबटमेंटचा फुगीर भाग हाडावरच टेकतो. वरून स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, खाली मात्र फट राहते. म्हणून लावल्यावर एक छोटा एक्स-रे काढायचा, आणि तो सरळ काढायचा. तिरक्या एक्स-रेत फट झाकली जाते. फट दिसली तर हाडाचा तेवढा काठ त्यासाठीच्या उपकरणाने खरवडून जागा करायची किंवा अरुंद तुकडा घ्यायचा. जोर लावून पिळणं हा उपाय नव्हे.

उंची आणि रुंदी वेगवेगळी निवडता येत नाही, हे साध्या त्रिकोणाच्या हिशेबाने कळतं. समजा इम्प्लांट ४ मिलिमीटरचा आणि हिरडीच्या कडेशी ७ मिलिमीटर रुंदी हवी. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर बाहेर जायचं आहे. हिरडी ४ मिलिमीटर जाड असेल तर हा उतार इम्प्लांटच्या अक्षापासून साधारण २१ अंशांचा होतो. ३ मिलिमीटर असेल तर २७. आणि हिरडी फक्त २ मिलिमीटर असेल तर थेट ३७ अंश. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाडाच्या पातळीवर बसवलेल्या इम्प्लांटपैकी ज्यांच्या कॅपचा हा कोन ३० अंशांहून जास्त होता, त्यांच्याभोवती हाड खाणारा दाह जास्त आढळला. म्हणजे पातळ हिरडीत रुंद तुकडा कोंबून सुंदर दाढ मिळत नाही. तिथे इम्प्लांट बसवतानाच तो थोडा खोल घ्यायला हवा होता, किंवा हिरडीची जाडी वाढवायला हवी होती. खरं म्हणजे हा सगळा विचार शेवटच्या दातापासून उलटा सुरू व्हायला हवा: दात किती रुंद, म्हणून अबटमेंट किती रुंद, म्हणून इम्प्लांट किती खोल. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलट चालतं. इम्प्लांट बसतो तिथे बसतो, आणि ड्रॉवरमध्ये जो अबटमेंट सापडेल तो लागतो.

आपल्या फोरमनकडे परत. दाढ मानेशी नऊची, पण तयार मिळणारे गोल तुकडे बहुधा चार ते सात मिलिमीटरमध्येच असतात. चार मिलिमीटर जाड हिरडीत साडेसहाचा सहज बसेल. हाड आडवं आलं नाही तर तोच घ्यायचा: रुंदी साडेसहा, उंची पाच. हे दोन आकडे डबीवर छापलेले असतात. त्यांच्या जोडीला तिसरा असतो, इम्प्लांटच्या तोंडाचा, म्हणजे प्लॅटफॉर्मचा. तो जुळणं अनिवार्य, आणि तो कंपनीगणिक वेगळा. एका कंपनीचा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या इम्प्लांटमध्ये दोन आटे गेला म्हणजे बसला असं नव्हे.

म्हणूनच सिलतऱ्यासारख्या ठिकाणच्या लोकांना माझं आग्रहाचं सांगणं असतं की हे आकडे कार्डावर लिहून घ्या. इथली नोकरी बदलीची. इम्प्लांट रायपुरात बसतो आणि कॅपच्या वेळी माणूस नागपूरला किंवा चंद्रपूरला पोचलेला असतो. नव्या डॉक्टरकडे कंपनीचं नाव, इम्प्लांटचा व्यास आणि लांबी, अबटमेंटची मापं लिहिलेलं चिटोरं असलं तर काम सरळ. नसलं तर तो एक्स-रेवरून अंदाज बांधत बसतो.

लावण्याचं तंत्र किरकोळ वाटतं, पण तुकडा बोटाच्या पेराहून लहान, ओला आणि निसरडा. तो घशात जाऊन पोटात उतरला तर ठीक, श्वासनळीत गेला तर रुग्णालय. म्हणून तो पिळायच्या ड्रायव्हरला दोरा बांधतात, दोऱ्याचं टोक तोंडाबाहेर ठेवतात आणि घशाशी गॉज पसरतात. घट्ट करायचा तो बोटांनीच, पाच ते दहा न्यूटन-सेंटिमीटर एवढाच. शेवटच्या अबटमेंटला २५ ते ३५ लागतात, तेव्हा टॉर्क रेंच येतो. हीलिंग अबटमेंटला रेंच लावला तर नंतर तो सोडवताना कच्चा इम्प्लांटच फिरायचा धोका.

आता गुडाखू. छत्तीसगडच्या दवाखान्यात या विषयाशिवाय हिरडीची गोष्ट पुरी होत नाही. तंबाखू आणि गूळ यांची ही काळी लुगदी, डबीत मिळते, सकाळी उठून बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर चोळतात. बाया-माणसं दोघंही. महाराष्ट्रातून आलेल्या आज्यांची मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची कोरडी पूड, चोळायची रीत तीच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि हिरडीला तर या काळात जास्त रक्त हवं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट सापडतं. गुडाखूत आणखी एक भर म्हणजे चोळण्याचा जोर. बोट रोज नव्या जखमेवर आणि तुकड्यावर फिरतं, हिरडी चिकटायच्या आत सुटते. खर्रा किंवा तंबाखूचा बार जिथे धरून ठेवतात, तो खालच्या गालाचा खिसाही नेमका पहिल्या दाढेशेजारी. अशा माणसाला साखरेचा त्रास असेल तर एचबीए१सी ही रक्ततपासणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘बंद करा’ म्हणून कुणी बंद करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिरडी भरेपर्यंतचे सहा आठवडे सोडा म्हटलं, तर बरेच जण सोडतात, आणि थोडे त्यानंतरही धरत नाहीत.

तोंड स्वच्छ ठेवताना तुकड्याला घाबरून लांब राहायचं नाही. टाके निघेपर्यंत क्लोरहेक्सिडीनने चुळा, नंतर मऊ ब्रश थेट तुकड्यावर आणि त्याच्या कडेला. भट्टीवर काम करणारे दिवसभर तहानलेले असतात आणि गोड सरबतावर, चहावर राहतात. त्यांना साध्या पाण्याची चूळ भरायची आठवण करावी लागते. तुकडा सैल झाला तर हिरडी आधी सांगते: हलकी ठणक, थोडा वास, दाबलं की रक्त. पडला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘रविवारी जाऊ’ म्हणून चालत नाही, कारण आधार गेल्यावर हिरडीतली वाट लगेचच आकसू लागते. पडलेला तुकडा घरी स्वतः बसवायचा तर अजिबात नाही.

एका गोष्टीवर आम्ही दंतवैद्य मोकळेपणाने बोलत नाही. हे तुकडे पुन्हा वापरले जातात. एका रुग्णाच्या तोंडातून काढले, धुतले, ऑटोक्लेव्ह केले, दुसऱ्याला लावले. जंतू मरतात हे खरं. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साफ करून निर्जंतुक केलेले वापरलेले हीलिंग अबटमेंट रंग लावून तपासले, तर जवळजवळ सगळ्यांवर आधीच्या माणसाच्या ऊतकांचे अंश शिल्लक सापडले. आट्यांत, हेक्सच्या खाचेत, कडेला. हिरडीच्या पेशींनी चिकटावं म्हणून जो पृष्ठभाग द्यायचा तो असा उष्टा देणं मला पटत नाही, आणि शिवाय वापरून खाच झिजलेला तुकडा ऐन वेळी ड्रायव्हरला दाद देत नाही. नवा मिळेल का, असं रुग्णाने विचारण्यात काहीच गैर नाही.

समोरच्या दातांचा मामला मात्र तयार गोल तुकड्याच्या आवाक्याबाहेरचा. पटाशीचा दात मानेशी गोल नसतो, त्रिकोणी असतो. दोन दातांमधली हिरडीची टोकं दिसतात आणि ती हरवली तर तिथे काळा त्रिकोण उरतो. टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये खऱ्या दातांत मोजलं होतं: दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा हाडापासून ५ मिलिमीटरच्या आत असेल तर मधलं टोक जवळपास नेहमी भरतं, ७ झाली तर फार थोड्या जागी भरतं. तेव्हा समोर तयार तुकड्याऐवजी प्लास्टिकची तात्पुरती कॅप इम्प्लांटवर स्क्रूने लावतात आणि तिला दर थोड्या आठवड्यांनी कंपोझिट लावून किंवा घासून हिरडी हळूहळू हवी तशी ढकलत नेतात. नुकतीच दाढ काढून त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवला असेल तिथेही, खड्ड्याच्याच आकाराचा खास तुकडा तिथल्या तिथे बनवता येतो. त्याने खड्डा झाकला जातो आणि दाढेचा मूळ आकार हिरडीला विसरू दिला जात नाही. यात वेळ जातो, खर्च वाढतो. दाढेसाठी हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही, पण हसताना दिसणाऱ्या दातासाठी मी दुसरं काही सुचवत नाही.

हिरडी किती दिवसांत तयार होते? दाढांना तीन ते चार आठवड्यांत ती वरून भरलेली दिसते, पण आतला बंध पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. माप घ्यायच्या दिवशी तुकडा काढला की खाली ओली, गुलाबी, गुळगुळीत भिंतीची वाट दिसायला हवी. रक्त आलं तर अजून थांबायचं. काढणं आणि घालणंही कमीत कमी वेळा. कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगांत वारंवार काढघाल केलेल्या अबटमेंटभोवती हाड खाली गेलेलं दिसलं होतं. तुकडा बाजूला ठेवून फोन घ्यायला जाणारा डॉक्टर परत येतो तोवर वाट अरुंद झालेली असते, म्हणून मापाचं सामान आधी मांडून मगच ड्रायव्हर हातात घ्यायचा. माप झालं की तोच तुकडा लगेच परत, कॅप लॅबहून येईपर्यंत.

फोरमनची कॅप बसवताना हिरडी कडेने थोडी पांढरी पडेल, कारण साडेसहाच्या वाटेतून नऊची दाढ जातेय. तो अडीच मिलिमीटरचा फरक कॅपने हळू दाबून घ्यायचा असतो. स्क्रू अर्धा पिळून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा थोडा पिळायचा, पांढरेपणा ओसरला की ३५ वर नेऊन टॉर्क पूर्ण करायचा आणि दहा मिनिटांनी तेवढाच पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा आवळलेला स्क्रू थोडा बसतो. हे शेवटचं फोरमनला सांगायची गरज पडत नाही. नट-बोल्ट दुसऱ्यांदा आवळायचा असतो, हे त्यालाच आपल्याहून चांगलं माहीत असतं.